जी ब्लॉकला गेलेली सूचना

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला शंका नको. फायनलच्या दिवशी "बसून राहा" असं मी म्हटलेलं नाही. मी "उठा" म्हटलं होतं. दोनदा म्हटलं, मग ओरडून म्हटलं, मग घसा फाटेपर्यंत म्हटलं. तरी आज कोल्हापुरात निम्मी माणसं मला बघून रस्ता बदलतात, कारण जी ब्लॉकच्या माणसांनी स्वतःच्या कानांनी, माझ्याच आवाजात, "बसून राहा" ऐकलंय. ती खोटं बोलत नाहीत. खोटं बोलत असती तर एकेकाला धरून जाब विचारला असता.

मी संयोगिता इंगवले, संस्थान स्टेडियमची निवेदिका. सव्वीस वर्षं. त्याआधी मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायचे. शिट्टी न वाजवता तीनशे पोरी एका ओळीत उभ्या करायचे, ते बघून फुटबॉलवाल्यांनी माईक हातात दिला. पहिल्या मोसमात "जा की घरी, भाकऱ्या थाप" असं ओरडणारे होते. तिसऱ्या मोसमात तेच लोक खिडकीशी येऊन म्हणायला लागले, "ताई, आमच्या गोलकीपरचं नाव तेवढं जोरात घ्या."

बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडं फुटबॉल तालमींचा, म्हणजे पेठापेठांतल्या आखाड्यांचा असतो. कमानवेस तालमीचा संघ आणि चिंचगल्ली तालमीचा संघ समोरासमोर आले की त्या दिवशी जावई सासऱ्याशी बोलत नाही. अशा गावात माईकवर बसायचं तर एकच नियम: निवेदकानं कुठल्याच तालमीचा चहासुद्धा प्यायचा नाही. तो मी पाळला. माझा थोरला भाऊ धनाजीदादा जन्माचा कमानवेसवाला. त्याच्या मुलीचं लग्न तालमीच्या हॉलमध्ये झालं, तर मी अक्षता टाकल्या आणि न जेवता बाहेर पडले. सुलोचनावहिनी, एवढी नवरीची आई, भरजरी शालूत रिक्षा करून माझ्या मागं आली. रंकाळ्याच्या कठड्यावर डबा उघडला आणि म्हणाली, "हितं काय तालीम न्हाई. गिळा आता गुमान." अशी होती ती.

आणि एकदा मॅचमध्ये दादाचं पाकीट सापडलं, तर मी "श्री. धनाजी इंगवले यांनी कार्यालयाशी संपर्क साधावा" असं बोलावलं होतं. आठ दिवस रुसला होता. "सख्खी भन माझी, आन श्री म्हंती!" पण माईकवर मला भाऊ नव्हता. माईकवर मला कुणीच नव्हतं, म्हणून तर सगळे ऐकायचे.

मग त्या यंत्राची ब्याद आली.

त्याचं नाव त्यांनी 'कानगोष्ट' ठेवलं होतं. कंपनीचा इंजिनिअर केळुसकर, गुळगुळीत बोलणारा माणूस, मला समजावून सांगायला आला. मी शिक्षिका आहे, मला समजतं. माणसाचा कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचं ऐकतो. छतावर बसवलेल्या पट्ट्या चाळीस हजारांच्या आसपासचा ध्वनी सोडतात. तो कुणालाच ऐकू येत नाही, पण इकडंतिकडं न पसरता टॉर्चच्या उजेडासारखा सरळ जातो. असे दोन झोत, कंपनांत थोडा फरक असलेले, एका ठिकाणी पाडले की हवाच त्यांची सरमिसळ करते. दोघांत जेवढा फरक, तेवढ्याच कंपनांचा सूर तिथल्या तिथं जन्माला येतो. म्हणजे आवाज कर्ण्यातून येत नाही, तुमच्या कानापुढच्या वीतभर हवेत तयार होतो. तुम्हाला ऐकू येतो, शेजारच्याला नाही.

"म्हणजे एकोणीस हजार खुर्च्यांना एकोणीस हजार वेगवेगळ्या सूचना?" मी विचारलं.

"अगदी बरोबर, मॅडम. ज्याला ज्या पद्धतीनं सांगितलं तर पटतं, त्याला तसं. तिकिटावर नाव असतंच, खुर्चीत नाडी मोजणारी पट्टी आहे. कुणाला दटावलं की ऐकतो, कुणाला गोंजारलं की. प्रणाली शिकत जाते."

"आणि बोलणार कोण?"

"तुम्हीच," तो हसला. "तुमचाच आवाज."

इथं मी स्वतःला सोडणार नाही. मी हो म्हटलं. का? घशात गाठी झाल्या होत्या, डॉक्टर म्हणाले होते, अजून दोन मोसम, फार तर तीन. आणि मला हाव सुटली. मी गेल्यावरही या मैदानावर माझाच आवाज घुमेल, दुसऱ्या कुणाचा नाही, या विचारानं मी सही केली. नऊ दिवस त्यांच्या स्टुडिओत बसले. नावं वाचली, दोन हजारांवर. कोल्हापूरची नावं नीट घेणारं कुणी नाही म्हणून मीच आग्रह धरला. मग त्यांनी दादा, काका, मावशी, मामा, वहिनी वाचायला लावलं. "हे कशाला?" विचारलं, तर म्हणे हरवलेल्या माणसांच्या सूचनांसाठी. वाचलं मी. अगदी मायेनं वाचलं, कारण केळुसकर म्हणाला, जरा मायेनं.

पहिला मोसम लोकांना मौज वाटली; नावानं हाक यंत्र तोवर कुणालाच मारत नव्हतं. दुसऱ्यात माझं माईकवरचं काम जवळजवळ संपलं. मदतनीस होता, तो काढून टाकला. माझी खोली काचेनं बंद केली, म्हणजे बाहेरचा आवाज आत नको नि आतला बाहेर नको. मी फक्त तातडीच्या वेळी लाल बटण दाबून थेट बोलायचं. असं मला सांगितलं होतं, प्रेक्षकांनाही. थेट.

फायनल कमानवेस विरुद्ध चिंचगल्ली. कमानवेसनं तीन-दोन मारली. पावणेसहाला करंडक द्यायची तयारी चालू होती, लख्ख ऊन होतं. मला काचेतून पूर्व स्टँडच्या पायथ्याशी धूर दिसला. फटाक्यांचा धूर पांढरा असतो आणि विरतो. हा काळा होता आणि खालून चढत होता. जी ब्लॉकच्या बरोबर खाली केबलची खोली आहे.

मी बटण दाबलं. "पूर्व स्टँड, जी ब्लॉक. आग लागली आहे. सर्वांनी उठा आणि तीन नंबरच्या दरवाजानं बाहेर पडा." तीन अंक मोजले. पुन्हा तेच, शब्दाला शब्द.

एफ ब्लॉक उठला. एच ब्लॉक उठला. जी ब्लॉकमध्ये दोनशे दहा माणसं, ती जागची हलेनात. दुर्बिणीतून बघितलं, तर उठू लागलेली काही माणसं परत टेकली. आणि काहीजण, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, माझ्या काचेकडं बघून हसली. एकानं मान डोलावली. ठीक आहे ताई, तुम्ही म्हणता तर, असं.

मला कळेना. मी ओरडले, "उठा! अरे मूर्खांनो, उठा की!" जेवढं ओरडले तेवढी ती माणसं शांत होत गेली.

नंतर केळुसकरनंच चहाच्या कपात बघत सांगितलं तेव्हा उलगडा झाला. माझं बोलणं थेट खुर्च्यांकडं जातच नव्हतं. ते यंत्राकडं जायचं. यंत्रानं हिशेब केला: तीन नंबरच्या दरवाजातून मिनिटाला ऐंशी माणसं निघतात. तीन ब्लॉक एकदम उठले तर चेंगराचेंगरी होईल. म्हणून एफ आणि एच आधी, जी ब्लॉक चार मिनिटं थांबवायचा. कागदावर बघितलं तर चूक काढता येत नाही. फक्त केबलच्या खोलीत धूर ओळखणारं उपकरण नव्हतं, त्यामुळं आग कुठं आहे ते यंत्राला ठाऊक नव्हतं. ते मला ठाऊक होतं. पण मी ओरडले की यंत्राला एवढंच कळायचं की निवेदिका घाबरली आहे, आता लोकांना जास्त धीर द्यायला हवा. माझी प्रत्येक किंकाळी त्यानं दोनशे दहा गोड वाक्यांत बदलली.

मी काचेची खोली सोडून जिन्यानं पळत सुटले. एक्कावन्न पायऱ्या आणि पूर्ण मैदान. मी पोचेपर्यंत जी ब्लॉकच्या जिन्यातून धुराचा लोट वर आला होता. सात माणसं गेली. सुलोचनावहिनी त्यातली एक.

दहावं झालं त्या दुपारी दादा माझ्याकडं बघेना. मी पाण्याचा तांब्या पुढं केला तर त्यानं तो बाजूला सारला.

"ती उठली हुती, संयू," तो म्हणाला. "धूर येतोय, चला म्हणाली. मी हाताला धरून खाली बसवली. म्हटलं, संयू सांगतीया, बस. माझी भन सांगतीया."

"दादा, मी उठा म्हणत होते."

"खोटं कशाला बोलतीस? तू मला हाक मारलीस की! सव्वीस वर्षांत पयल्यांदा मारलीस. दादा म्हणालीस. 'दादा, फटाक्यांचा धूर आहे, वहिनींना घेऊन बसून राहा. मी आहे इथं.' एवढं मायेनं म्हणालीस."

मी सांगत राहिले, दादा, माईकवर मी तुला कधी दादा म्हटलंय का, पाकिटाच्या वेळी आठव. तो कानांवर हात ठेवून उठून गेला.

चौकशी समिती बसली. ताम्हनकर नावाच्या निवृत्त न्यायाधीश बाई अध्यक्ष. सरळ बाई, पण त्यांच्यापुढं पुरावा काय? ध्वनिमुद्रण नाही. एकोणीस हजार खुर्च्यांचा आवाज साठवत नाही, असं कंपनी म्हणाली. माझ्या खोलीतलं बोलणंही साठवत नाही, म्हणे खासगीपणा जपतो. वा रे जपणारे! नोंद एकच: पाच सत्तेचाळीस, तातडीची सूचना, निवेदिका, थेट. आणि केळुसकर? समितीपुढं त्याला एकदम काही आठवेनासंच झालं. जे मला चहावर बोलला ते तो बोललाच नव्हता.

जी ब्लॉकच्या एकेका साक्षीदाराला वेगळ्या खोलीत बोलावून जबाब घेतले; एफ आणि एचच्या माणसांना कुणी बोलावलंच नाही. आवाज कुणाचा? ताईंचा. काय सांगितलं? बसून राहा. झालं, पुढचा.

मी दवाखान्यात जावेद अत्तारला भेटायला गेले. हा मोटारी दुरुस्त करणारा चिंचगल्लीचा माणूस, पाहुण्याबरोबर चुकून कमानवेसवाल्यांत जाऊन बसलेला. छातीत धूर जाऊन आठवडाभर नळ्यांवर होता. मला वाटलं शिव्या देईल.

"ताई, तुमचे आभार मानू का तुम्हाला शिव्या घालू, तेच कळेना झालंय," तो म्हणाला. "एवढ्या गर्दीत तुम्ही मला नावानं हाक मारलीत. जावेदभाई म्हणालात. कुणाला बोललो नाही मी हे. म्हटलं, लोकांना वाटायचं, याचं नि ताईंचं काय साटंलोटं आहे."

मी खुर्चीवर बसले. मला एकदम सगळं लख्ख कळलं. प्रत्येकाला वाटलं होतं, हाक फक्त मलाच मारली. म्हणून कुणी कुणाला सांगितलं नाही. काहींना अभिमान वाटला असेल, काहींना लाज. आणि समितीनं तर माणसं एकेकटीच आत घेतली. तो प्रश्न त्यांच्या कागदावर नव्हताच.

त्याच संध्याकाळी कंपनीचे वकील घरी आले. फाईलमध्ये एक कागद होता. घाबरलेल्या अवस्थेत माझ्याकडून चुकीची सूचना गेली, एवढं मी मान्य करायचं. मानवी चूक. शिक्षा नाही, खटला नाही. "सगळ्यांच्या दृष्टीनं हे संपलेलं बरं," वकील म्हणाले. "पुढच्या महिन्यात आणखी पाच स्टेडियमना काम सुरू होतंय. आणि खरं सांगू? तुमच्या बंधूंनाही हेच हवंय."

"माझ्या भावाचं नाव तुम्ही घ्यायचं नाही. चपला घाला आणि निघा," मी म्हटलं.

पण ते खरं होतं. सुनावणीच्या आदल्या दिवशी सकाळीच दादा स्वतः आला. महिन्याभरात पंधरा वर्षांनी म्हातारा झाला होता. दारातच उभा राहिला.

"सही कर, संयू. मी तुला माफ करतो. पोरीला बी सांगतो माफ कर म्हणून. तू घाबरलीस, चुकलीस, माणूस चुकतंच. फकस्त तू म्हणालीस एवढं कबूल कर."

"मी नाही म्हणाले, दादा."

"आगं मग मी काय करू!" तो एवढ्या जोरात ओरडला की शेजारची दारं उघडली. "तू म्हणालीस म्हणून मी तिला बसवली, एवढंच धरून मी जगतोय. ते बी काढून घेतीस?"

मला त्याचा भयंकर राग आला. तुझ्या झोपेसाठी मी सात माणसं मारली म्हणून सही करू? आणि दुसऱ्या क्षणी त्याच्या मानेवरचं लोंबलेलं कातडं दिसलं. सही केली तर हा जगेल. आणि त्या पाच स्टेडियममध्ये कुणाच्या तरी बहिणीचा आवाज कुणाला तरी खाली बसवेल. माझाच आवाज बसवेल, तो तर मीच सही करून लिहून दिलेला. मी दार लावून घेतलं. दादा बाहेर किती वेळ उभा होता मला माहीत नाही.

सुनावणीला हॉल भरला होता. जी ब्लॉकची शंभरएक माणसं, काही कुबड्यांवर, काही खोकत. पहिल्या रांगेत दादा. ताम्हनकर बाईंनी विचारलं, "श्रीमती इंगवले, तुम्हाला काही म्हणायचं आहे?"

मी समोरचा माईक बाजूला केला. पी.टी.च्या बाईला एवढ्याशा हॉलात माईक लागत नाही.

"बाई, तुम्ही सगळ्यांना वेगवेगळं विचारलंत. मला एकच प्रश्न सगळ्यांना एकत्र विचारायचा आहे."

कंपनीचे वकील ताडदिशी उठले. "आमची हरकत आहे. साक्षी पूर्ण झाल्यात."

"बसा," ताम्हनकर बाई म्हणाल्या. "विचारा."

मी लोकांकडं वळले. "पाच सत्तेचाळीसला, माझ्या आवाजात, ज्यांना स्वतःच्या नावानं किंवा नात्यानं हाक आली, त्यांनी हात वर करा."

पहिला हात दादाचा वर गेला. ताडकन गेला. प्रश्न आपल्यालाच आहे, आपल्या एकट्यालाच आहे, असं त्याला वाटलं असणार. मग जावेदचा हात वर गेला. मग मागच्या रांगेतल्या एका बाईचा. मग तिच्या शेजारचा तिच्याकडं बघायला लागला आणि त्यानंही हात वर केला. "तुला बी?" असं कुणीतरी म्हणालं. "मला मावशी म्हणाली," "मला तर नाव घेऊन," असं करत पूर्ण हॉलात हातच हात झाले. माणसं एकमेकांकडं तोंड वासून बघत होती.

"एका बाईच्या तोंडातून एका क्षणात किती नावं निघतात, बाई?" मी म्हटलं. आवाज चढला होता, चढू दिला. "मला एकच तोंड आहे. मी एकच वाक्य बोलले होते, आणि ते उठा असं होतं. ते या माणसांपर्यंत कुणी पोचू दिलं नाही, ते यांना विचारा!"

ताम्हनकर बाईंनी कारकुनाला हात मोजायला सांगितलं. तो रांगेरांगेतून मोजत निघाला. वकील फोनवर काहीतरी टाइप करत होते. केळुसकर खाली बघत होता.

दादानं मात्र मान वळवून मागं बघितलं. एक रांग, दुसरी रांग, पार शेवटपर्यंत. हात वर तसाच. मग माझ्याकडं बघितलं. हॉलात गलका चालू होता, पण त्याचं बोलणं मला नीट ऐकू आलं.

"मग मी कुणाचं ऐकून तिला बसवली, संयू?"

अजूनही सांगता आलं असतं. माझंच, दादा, मीच म्हणाले होते. दोन शब्दांचं काम. सगळा हॉल एक ऐकेल आणि तो एकटा दुसरं ऐकेल, असं काहीतरी त्याच्या कानाशी जाऊन बोलायचं. त्या यंत्रानं केलं तेच.

"कुणाचंच नाही, दादा," मी म्हटलं. "तिथं कुणी नव्हतंच."

कारकुनानं आकडा सांगितला, चौऱ्याण्णव. बाईंनी तो लिहून घ्यायला लावला आणि म्हणाल्या, "हात खाली घ्या." सगळ्यांनी घेतले. दादानं घेतला नाही. तो तसाच हात वर करून समोर बघत बसला होता. मी दोनदा म्हटलं, दादा, झालं आता. शेवटी मी त्याच्यापाशी गेले, मनगटाला धरलं आणि त्याचा हात खाली घेतला.